आघाडीचा गडी

बारामती हे नाव उच्चारले की जुन्या मंडळींस कऱ्हेच्या काठचे मोरोपंत आठवतात. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेला हा पंडित बारामतीस आला, तेथेच स्थिरावला आणि १७९४ मध्ये निवर्तला. त्यांची विद्वत्ता थोर होती, परिश्रमही थोर होते. परंतु त्या दोहोंच्या पाठीशी एक तिसरी गोष्ट उभी होती, ती म्हणजे बाबूजी नाईकांचा आश्रय. नाईक हे मोठे सावकार आणि पेशव्यांचे सोयरे. त्यांच्या वाड्यात पुराण सांगावे आणि उरलेल्या वेळात आर्या रचाव्यात, अशी पंतांच्या चरितार्थाची व्यवस्था लागली होती. ती लागली नसती तर त्यांच्या लेखणीतून उतरले त्यातील किती उतरले असते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने स्वतःस अवश्य विचारावा.

आज मला बोलावयाचे आहे ते कवीविषयी नव्हे, तर एका फुटबॉलपटूविषयी. तथापि प्रश्न तोच आहे. गुण अंगी असला तरी गुणी माणसाने पोट कशावर भरावे? आणि ज्याच्या आश्रयाने तो गुण फुलला तो आश्रय उद्या नाहीसा झाला, तर त्या गुणाची आठवण कोणी ठेवावी? १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिक सामन्यांत ज्याने ऑस्ट्रेलियासारख्या संघावर एकट्याने तीन गोल चढविले, त्या नेव्हिल डिसूझा या आघाडीच्या गड्याच्या चरित्राच्या आधारे या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचा माझा मानस आहे.

प्रथम आमच्या भागाविषयी दोन शब्द. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळू लागले आणि जिराईत माळावर उसाचे मळे उभे राहिले. परंतु या भूमीचे खेळ मात्र जुनेच राहिले. हुतूतू, आट्यापाट्या, लंगडी आणि सर्वांचा मुकुटमणी म्हणजे कुस्ती. गावची जत्रा म्हटली की आखाडा हा ठरलेला. सकाळी लहान मुलांच्या रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्या लागावयाच्या, आणि दिवस कलता कलता नामांकित मल्लांची जोड मैदानात उतरावयाची. इनाम गाव देई, खुराक कोणी वतनदार वा संस्थानिक पुरवी. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लविद्येस दिलेला आश्रय तर सर्वश्रुत आहे. १९१२ साली बांधून झालेले तेथील खासबाग मैदान त्याची साक्ष देत आजही उभे आहे. अर्थात खेळणाऱ्यास कोणीतरी पोसावे लागते, ही कल्पना आपल्या लोकांस परकी नव्हती. परका होता तो फुटबॉल.

हा खेळ येथे आला तो पलटणींबरोबर. सिमल्यास १८८८ साली ड्युरँड करंडकाचे सामने सुरू झाले. मुंबईस १८९१ साली रोव्हर्स करंडक आणि कलकत्त्यास १८९३ साली आय. एफ. ए. शील्ड. पहिली कित्येक वर्षे या तिन्ही ठिकाणी गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व होते. १९११ सालच्या जुलै महिन्याच्या २९ तारखेस मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस दोन विरुद्ध एक असे हरवून शील्ड जिंकली आणि अनवाणी पायांनी बुटांस जिंकल्याची वार्ता देशभर गेली. मुंबईचा रोव्हर्स करंडक मात्र हिंदी संघाच्या हाती पडावयास १९३७ साल उजाडावे लागले. तो मान बंगलोर मुस्लिम्स या संघाने मिळविला.

परंतु पश्चिम किनाऱ्यावर या खेळाची आणखी एक वाट होती आणि ती गोव्यातून येत होती. बारदेश महालातील शिवोली या गावी १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्र्याने मुलांस हा खेळ प्रथम शिकविला, असे सांगतात. तेथे खेळ पलटणीच्या छावणीतून आला नाही. तो शाळेतून आणि चर्चच्या पटांगणातून आला. त्यामुळे भाताची कापणी झालेल्या शेतात, समुद्राच्या वाळूत, जेथे चार मुले जमतील तेथे चेंडू उडू लागला. आपल्याकडे गावोगाव तालीम असावी तसे तेथे गावोगाव फुटबॉलचे मैदान झाले. एखादा खेळ भूमीत रुजावयाचा असेल तर तो मुलांच्या पायी बालपणीच यावा लागतो, हे सत्य गोव्याइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल.

याच बारदेशातील आसगाव हे नेव्हिल डिसूझा यांचे जन्मगाव. जन्मतारीख ३ ऑक्टोबर १९३२. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता आणि पुढे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तसाच राहिला. उद्योगधंदा नसल्यामुळे गोव्याचा तरुण पोटासाठी मुंबईस येई. कोणी आगबोटीवर नोकरी धरी, कोणी बॅंडमध्ये वाजवी, कोणी कचेरीत टंकलेखक होई. धोबी तलावाच्या आसपास गोव्यातील गावांच्या नावाने चालणाऱ्या ‘कूड’ नावाच्या खोल्या होत्या. एकेका गावची मंडळी तेथे अल्प भाड्यात राहत, एकत्र प्रार्थना करीत आणि आपल्या गावची बातमी एकमेकांस पोचवीत. या लोकांबरोबर मुंबईस आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे फुटबॉलचे वेड. कुपरेज मैदानावरील प्रेक्षकांत आणि खेळाडूंत गोमंतकीय नावांची जी रेलचेल दिसे, तिचे मूळ येथे आहे.

आता मुंबईतील खेळाची रचना समजून घेतली पाहिजे. येथे व्यावसायिक संघ असा नव्हता. हारवुड लीगमध्ये जे संघ भाग घेत त्यांतील बरेचसे कंपन्यांचे, रेल्वेचे किंवा पोलिसांचे असत. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल अशी ती नावे. खेळाडूस कंपनी नोकरीस ठेवी. हजेरीपटावर तो कारकून वा तत्सम काही असे. परंतु दुपारनंतर त्यास सरावास जाण्याची मुभा मिळे आणि सामन्याच्या दिवशी साहेब स्वतः मैदानावर हजर राही. महिन्याचा पगार ठरलेला, गोल केला म्हणून त्यात वाढ नाही आणि पाय मोडला म्हणून लगेच कपातही नाही. पावसाळ्यात चिखल तुडवीत लीगचे सामने व्हावयाचे आणि त्यानंतर रोव्हर्सचा हंगाम यावयाचा. नेव्हिल डिसूझा टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅल्टेक्स या दोन संघांकडून खेळले. त्यांस व्यावसायिक म्हणावे की हौशी? कागदोपत्री ते हौशी होते. परंतु खेळ येत नसता तर ती नोकरी त्यांच्या वाट्यास आली असती काय, असा प्रश्न केला म्हणजे हौस आणि व्यवसाय यांमधील भिंत किती पातळ होती ते ध्यानात येते. बाबूजी नाईकांनी मोरोपंतांस पुराणिक म्हणून ठेविले आणि त्यांनी काव्य केले. कंपनीने नेव्हिल यांस नोकर म्हणून ठेविले आणि त्यांनी गोल केले. व्यवस्था एकच, शतक तेवढे निराळे.

ज्या श्रोत्यांस या खेळाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी आघाडीच्या गड्याचे काम थोडक्यात सांगतो. त्या काळी पुढच्या फळीत पाच जण असत : दोन कडांना दोन, त्यांच्या आतल्या अंगास दोन आणि ऐन मध्यभागी एक. हा मधला तो सेंटर फॉरवर्ड. पूर्वी ऑफसाइडचा नियम असा होता की, पुढे गेलेल्या गड्याच्या आणि प्रतिपक्षाच्या गोलरेषेच्या दरम्यान निदान तिघे तरी असले पाहिजेत. १९२५ साली ही संख्या दोनवर आणली. त्यामुळे आघाडीच्या गड्यास अधिक मोकळीक मिळाली, आणि ती मोकळीक हिरावून घेण्यासाठी प्रतिपक्षाने मधल्या हाफबॅकला मागे खेचून केवळ त्याच्यावर पहारा करावयास नेमले. तेव्हापासून सेंटर फॉरवर्ड हा मैदानावरील सर्वांत एकाकी माणूस झाला. नव्वद मिनिटांत त्याच्या पायाशी चेंडू थोडाच वेळ असतो. उरलेला सारा वेळ तो वाट पाहतो, जागा बदलतो, पहारेकऱ्यास चकवितो. आणि जेव्हा संधी येते तेव्हा ती निमिषमात्र टिकते. साधली तर दहा सहकाऱ्यांच्या श्रमाचे श्रेय त्यास मिळते. हुकली तर दहांच्या श्रमाचा नाश केल्याचा बोल त्याच्याच माथी. कुस्तीत मल्ल स्वतःच्याच बळावर जिंकतो वा हरतो. आघाडीच्या गड्यास मात्र दुसऱ्यांच्या परिश्रमाचे विश्वस्त व्हावे लागते. हे काम केवळ चपळ पायांचे नाही, शांत मनाचे आहे.

नेव्हिल यांच्यापूर्वी देशाचा संघ कोठे उभा होता तेही पाहिले पाहिजे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ बहुतांशी अनवाणी खेळला आणि फ्रान्सकडून दोन विरुद्ध एक असा हरला. दोन पेनल्टी किक फुकट गेल्या, नाहीतर निकाल फिरला असता. १९५१ साली दिल्लीस पहिले आशियाई सामने झाले. तेथे मेवालाल यांच्या एकमेव गोलाच्या बळावर इराणचा पराभव करून भारताने सुवर्णपदक मिळविले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढविले. आपला गोल एकच. त्या मानभंगानंतर अखिल भारतीय फुटबॉल संघटनेने बूट घालून खेळणे सक्तीचे केले. अनवाणी खेळाचे काव्य १९११ साली शोभले, १९५२ साली ते परवडण्यासारखे राहिले नव्हते.

याच हेलसिंकीत, त्या पराभवानंतर अवघ्या आठवडाभराने, म्हणजे २३ जुलैस, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, हे महाराष्ट्रीय श्रोत्यांस वेगळे सांगावयास नको. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली होती. खाशाबांचे नाव येथे घेण्याचे कारण पुढे येईल.

हेलसिंकीच्या अपयशातून संघ पुन्हा उभा करण्याचे काम ज्यांनी केले ते सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. मला विशेष अभिमानाने सांगावेसे वाटते की, रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर होते. त्यांच्या शिकवणीखाली हैदराबाद सिटी पोलिस या संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे रोव्हर्स करंडक जिंकला होता. मास्तरांचा स्वभाव असा की, मुलांस एकेक गोष्ट घोकून घेतल्याशिवाय पुढचा धडा नाही. शिस्त, अचूक पास आणि दोन्ही पायांचा उपयोग यांवर त्यांचा भर असे. देशाच्या चारी कोपऱ्यांतून त्यांनी खेळाडू निवडले. कलकत्त्याचे समर बॅनर्जी, ज्यांस सारे ‘बद्रू’ म्हणत, ते कर्णधार. उजव्या कडेला पी. के. बॅनर्जी; हैदराबादचे तुलसीदास बलराम; ‘किट्टू’ या नावाने ओळखले जाणारे कृष्णस्वामी; आणि मुंबईचे नेव्हिल डिसूझा. बंगाली, तेलुगू, तामिळ, कोकणी अशा भाषा बोलणाऱ्यांस एका भाषेत खेळावयास लावणे हे मास्तरांचे खरे कौशल्य.

मेलबर्नच्या स्पर्धेत फुटबॉलचे अकराच संघ होते. भारताची पहिली गाठ हंगेरीशी पडावयाची होती. पण हंगेरीचा संघ आलाच नाही आणि भारत न खेळता उपान्त्यपूर्व फेरीत गेला. तेथे समोर खुद्द यजमान ऑस्ट्रेलिया. १ डिसेंबर १९५६ हा तो दिवस. नवव्या मिनिटास नेव्हिल यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास नेव्हिल यांचा दुसरा गोल. एकेचाळिसाव्यास पुन्हा मॉरोची बरोबरी. मध्यंतरास दोन-दोन. यजमानांचे मैदान, यजमानांचे प्रेक्षक आणि दोनदा मिळविलेली आघाडी दोनदा गेलेली : अशा वेळी पाहुण्या संघाचे मन खचणे अगदी साहजिक असते. परंतु मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत, म्हणजे पन्नासाव्या मिनिटास, नेव्हिल यांनी तिसरा गोल केला आणि ऐंशीव्या मिनिटास किट्टूंनी चौथ्याने सामन्यावर शिक्कामोर्तब केले. चार विरुद्ध दोन. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले आणि उपान्त्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई संघ ठरला. त्या दिवशी त्यांचे वय २४ वर्षांचे होते.

तीन दिवसांनी, ४ डिसेंबरला, पुन्हा युगोस्लाव्हिया! चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा तोच देश. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. बावन्नाव्या मिनिटास नेव्हिल यांनी चेंडू जाळ्यात धाडला आणि भारत पुढे गेला. हेलसिंकीचा डाग धुऊन निघाल्यासारखे क्षणभर वाटले असेल. परंतु ते दोनच मिनिटे. चौपन्नाव्या मिनिटास युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, सत्तावन्नाव्यास आघाडी घेतली, पुढे आणखी दोन गोलांची भर पडली. त्यांतील शेवटचा तर आपल्याच एका खेळाडूच्या अंगावरून गेला. निकाल चार विरुद्ध एक. ७ तारखेस बल्गेरियाने तीन गोलांनी हरविले आणि कांस्यपदकही हुकले. भारत चौथा आला. त्या स्पर्धेत भारताने एकूण पाच गोल केले. पाचांतील चार एकट्या नेव्हिल यांचे. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्याबरोबर सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत ते बरोबरीने पहिले राहिले.

श्रोतेहो, या दोन सामन्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. युगोस्लाव्हिया आणि बल्गेरिया यांचे खेळाडू कागदोपत्री आपल्याप्रमाणेच हौशी होते. कारण ऑलिंपिकचा नियमच तसा होता. परंतु पूर्व युरोपातील राज्यव्यवस्थेत उत्तम खेळाडू हे सैन्याच्या वा सरकारी संस्थांच्या संघांत वर्षभर खेळच करीत. पश्चिमेकडे इंग्लंडने १८८५ सालीच पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली होती. म्हणून इंग्लंडचे नामांकित खेळाडू ऑलिंपिकला येऊच शकत नसत. मेलबर्नला ब्रिटनचा जो हौशी संघ आला त्यास बल्गेरियाने सहा विरुद्ध एक असे लोळविले. तरी त्या व्यावसायिक इंग्लंडमध्येही खेळाडूच्या वेतनास कमाल मर्यादा होती. १९६१ साली ती उठली तेव्हा ती आठवड्यास २० पौंड इतकीच होती. थोडक्यात, खेळाडूच्या पोटाचा प्रश्न सर्व देशांस होता. इंग्लंडने तो बाजारावर सोपविला, पूर्व युरोपने सरकारवर आणि आपण तो कचेरीच्या हजेरीपटात मिटविला. आपला मार्ग सर्वांत साधा, सर्वांत घरगुती. परंतु त्यात खेळ हा नेहमी नोकरीच्या फटीतूनच वाढावयाचा.

या मार्गास पर्याय नव्हता असे नाही. १९३६ साली कलकत्त्याचे मोहम्मद सलीम नावाचे आघाडीचे खेळाडू स्कॉटलंडमधील सेल्टिक या नामांकित व्यावसायिक संघातून पायास पट्ट्या बांधून दोन सामने खेळले आणि तेथील वृत्तपत्रांनी त्यांची वाखाणणी केली. परंतु घरच्या ओढीने ते परतले. परदेशी संघात खेळून चरितार्थ चालवावा ही कल्पनाच त्या पिढीस मानवणारी नव्हती. नोकरी, घर, आपली माणसे आणि संध्याकाळचे मैदान : एवढ्यावर ती पिढी संतुष्ट होती.

मेलबर्नहून परतल्यावरही नेव्हिल डिसूझा यांचे जग कुपरेज आणि कचेरी एवढेच राहिले. कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स करंडक जिंकला आणि मुंबईच्या फुटबॉलला ज्यास सुवर्णकाळ म्हणता येईल असा काही वर्षांचा काळ लाभला. रहीमसाहेबांच्या संघाने १९६० साली रोमला फ्रान्सशी बरोबरी साधली, १९६२ साली जाकार्तास दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असे हरवून पुन्हा आशियाई सुवर्णपदक आणले. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब कर्करोगाने वारले. रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मैदानात पुन्हा उतरलेला नाही.

आणि आश्रयदाता? कॅल्टेक्स कंपनी १९७६ साली सरकारने ताब्यात घेतली आणि १९७८ मध्ये ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. त्याच काळात बर्मा शेलची भारत पेट्रोलियम झाली. हे देशाच्या दृष्टीने योग्यच झाले असेल. तो विषय येथे नाही. परंतु ज्या पाटीखाली एका संघाने नाव कमाविले ती पाटीच उतरली म्हणजे त्या नावाचा वारस कोण? पुढे रोव्हर्स करंडकाचे सामनेही २००१ नंतर बंद पडले. शंभर वर्षांहून जुनी स्पर्धा, आणि तिच्या जाण्याची फारशी हळहळ मुंबईसही झाली नाही.

नेव्हिल डिसूझा १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, निवर्तले. देशातील उत्तम खेळाडूंसाठी १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला. मेलबर्नच्या त्याच संघातील पी. के. बॅनर्जी यांस तो पहिल्याच वर्षी आणि बलराम यांस दुसऱ्या वर्षी मिळाला, आणि ते दोघेही त्यास सर्वथा पात्र होते. त्या यादीत नेव्हिल डिसूझा हे नाव नाही. आता खाशाबांचे स्मरण करावे. १९५५ साली ते पोलिसांत लागले, १९८४ साली अपघातात वारले आणि अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. एक मल्ल, एक फुटबॉलपटू; एक कृष्णाकाठचा, एक बारदेशचा; दोघांचाही पराक्रम ऑलिंपिकचा आणि दोघांचाही चरितार्थ नोकरीचा. हाताशी शौर्य असताना त्याचा गौरव करावयास आपण किती विलंब लावतो, याची ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

यानंतर काळ पालटला. १९९६ साली देशात राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि खेळाडू उघडपणे करार करून खेळू लागले. मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाने २००५-०६ सालची राष्ट्रीय लीग जिंकली; परंतु चार-पाच वर्षांतच, २०१० साली, तो संघ कंपनीने बंद केला. म्हणजे करार आले तरी आश्रयाची अनिश्चितता गेली नाही. २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. प्रकाशझोत आला, दूरदर्शन संचावर सामने घरोघर दिसू लागले. गोव्याने २०१२ साली फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. आपल्या महाराष्ट्रात तालमींच्या नावाने फुटबॉल संघ चालविणारे कोल्हापूर हे एक नवलाचे शहर आहे. तेथे जन्मलेला आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात देशाच्या आघाडीच्या फळीत खेळला आणि पुढे जमशेदपूरच्या संघात व्यावसायिक खेळाडू म्हणून दाखल झाला. नेव्हिल यांस जे कचेरीच्या आडून करावे लागले ते या मुलाने आपला व्यवसाय म्हणून राजरोस केले. एवढा पालट साठ वर्षांत झाला, हे काही थोडे नव्हे.

परंतु शाळामास्तर म्हणून आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास यशाच्या या उंच टोकापेक्षा त्याच्या पायथ्याची चिंता अधिक वाटते. एक खेळाडू देशाच्या संघात पोचतो तेव्हा त्याच्यामागे शंभर मुले वाटेत थांबलेली असतात. कोणाचा गुडघा दुखावतो, कोणाच्या घरी कर्ता पुरुष आजारी पडतो, कोणास अठराव्या वर्षी कळते की आपली धाव पुरेशी नाही. कंपनीच्या नोकरीत एक गुण असा होता की, खेळ संपला तरी माणूस रस्त्यावर येत नसे. पस्तिशीनंतर तो मेजावर बसून निवृत्तीपर्यंत काम करू शके. आजच्या करारात पैसा अधिक आहे, परंतु करार संपल्यानंतरच्या तीस वर्षांची तरतूद त्यात नाही. बारामतीस वा इंदापूरास एखाद्या मुलाचे पाय चेंडूवर चांगले चालू लागले तर त्याच्या वडिलांनी काय करावे? माझे उत्तर जुन्या पद्धतीचे आहे. त्यास खेळू द्यावे, परंतु पुस्तक हातून सुटू देऊ नये. आणि अपयश आले तर ‘तरी मी सांगत होतो’ हे वाक्य घरात उच्चारू नये. शाळांनी, कारखान्यांनी आणि नगरपालिकांनी आपापल्या भागात एक सपाट, दगड वेचलेले, संध्याकाळी मोकळे राहणारे मैदान राखावे. आश्रय म्हणजे नेहमी पैसाच असतो असे नाही; बऱ्याचदा तो जागेच्या आणि वेळेच्या रूपाने द्यावा लागतो.

दुसरा आश्रय स्मरणाचा. तो तर आपण सर्वांनी द्यावयाचा आहे आणि त्यास खर्च काहीच येत नाही. नाईकांचे वैभव गेले, परंतु मोरोपंतांच्या आर्या राहिल्या. कारण त्या लिहिलेल्या होत्या आणि पिढ्यान् पिढ्या शाळांतून पाठ केल्या गेल्या. खेळाडूची कृती मात्र घडते त्याच क्षणी विरून जाते. नवव्या, तेहतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटास मेलबर्नच्या मैदानावर काय घडले ते पाहणारे आता फारसे उरले नाहीत. ते टिकावयाचे असेल तर ज्याने ऐकले त्याने दुसऱ्यास सांगितले पाहिजे. २०२४ साली रहीमसाहेबांच्या चरित्रावर ‘मैदान’ नावाचा चित्रपट निघाला आणि त्या संघाची नावे नव्या पिढीच्या कानी पडली, हे चांगले झाले. घरातील मुले क्रिकेटच्या शतकांची गणना तोंडपाठ म्हणून दाखवितात. त्यांस एकदा विचारावे की, ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल कोणी केले? उत्तर आले नाही तर रागावू नये. बारदेशातील आसगावात जन्मलेल्या आणि मुंबईत नोकरी करून खेळलेल्या एका गृहस्थाचे नाव त्यांस सांगावे.